पंधराव्या वर्षाची सावली

कॅलिफोर्निया राज्याची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहराने १९८३ साली वाहनतळांसंबंधी जो नियम केला, तो नगररचनेच्या इतिहासात फारसा गाजलेला नाही. तरीही त्यातील एक अट आजही विचार करायला लावणारी आहे. नव्याने बांधल्या जाणाऱ्या उघड्या वाहनतळाच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागापैकी निम्म्या भागावर, बांधकामानंतर पंधरा वर्षांच्या आत, झाडांची सावली पडली पाहिजे, अशी ती अट होती. शहरांचे वृक्षविषयक नियम सहसा झाडांची संख्या सांगतात. इतक्या गाड्यांमागे एक झाड, इतक्या चौरस मीटरमागे दोन झाडे असा हिशेब ठरतो, आणि रोप जमिनीत गेले की नियम पाळला गेला असे मानले जाते. सॅक्रामेंटोने रोपाऐवजी सावली मागितली, आणि तीही लावणीच्या दिवसाची नव्हे, तर पंधरा वर्षांनंतरची. असा नियम केल्याबरोबर झाडाला माती किती मिळणार, पाणी कुठून येणार आणि त्याची निगा कोण राखणार, हे तिन्ही प्रश्न कायद्याच्या दारात येऊन उभे राहतात. मूळ नियमात या प्रश्नांची पुरेशी उत्तरे नव्हती, आणि पुढच्या चार दशकांत कॅलिफोर्निया व शेजारच्या ॲरिझोना राज्यात जे नियम झाले, ते बहुतांशी ही उत्तरे शोधण्याच्या प्रयत्नांतून घडले.

सॅक्रामेंटोचे हवामान लक्षात घेतल्याशिवाय हा नियम नीट कळत नाही. हे शहर राज्याच्या मधोमध पसरलेल्या सपाट खोऱ्यात वसलेले असून तेथे वर्षाकाठी सुमारे ४६ सेंटिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत पडतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यापाठोपाठ पावसाळा येतो आणि तहानलेल्या मुळांना पाणी मिळते. सॅक्रामेंटोत उलट ऐन उन्हाळ्याचे तीन-चार महिने आभाळातून थेंबही पडत नाही आणि तापमान वारंवार ३५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. अशा उन्हात काळे डांबर दिवसभर उष्णता शोषून घेते व रात्री ती हळूहळू बाहेर टाकते, त्यामुळे आजूबाजूच्या शेतजमिनीपेक्षा शहराची हवा गरम राहते. या स्थितीला ‘उष्णतेचे बेट’ असे म्हटले जाते. दुकानांच्या आणि कार्यालयांच्या भोवती पसरलेले विस्तीर्ण वाहनतळ हे या बेटातील सर्वांत तापलेले भाग होत.

वाहनतळावरील सावली ही केवळ गाडीत बसणाऱ्याच्या सोयीची बाब नाही, हे सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला असलेल्या डेव्हिस या गावातील एका अभ्यासाने दाखवून दिले. क्लाउस स्कॉट, जेम्स सिम्पसन आणि ग्रेगरी मॅकफर्सन या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात वाहनतळाचा सावलीतला भाग आणि उघडा भाग यांची तुलना केली होती. सावलीतली हवा एक ते दोन अंशांनीच थंड होती. पण उभ्या गाडीच्या आतील तापमानात सुमारे २६ अंशांपर्यंत फरक पडला आणि इंधनाच्या टाकीचे तापमान दोन ते चार अंशांनी कमी राहिले. यांतला शेवटचा आकडा लहान दिसत असला, तरी सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतून आणि नळ्यांतून पेट्रोलची वाफ सतत बाहेर पडत असते. या वाफेतील हायड्रोकार्बन आणि धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशात रासायनिक क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो फुप्फुसांना अपायकारक असतो. इंजिन बंद असलेली गाडीही हवा दूषित करते, आणि तिच्यावर सावली धरणारे झाड ते प्रदूषण काही प्रमाणात रोखते, ही गोष्ट कळल्यावर वाहनतळातील झाड शोभेपुरते राहत नाही.

पंधरा वर्षांनंतरच्या सावलीचे मोजमाप परवाना देण्याच्या दिवशी कसे करायचे, हा पहिला व्यावहारिक प्रश्न होता. त्यासाठी प्रत्येक जातीचे झाड पंधरा वर्षांत किती पसरेल याचे कोष्टक तयार करण्यात आले आणि नकाशावर त्या व्यासाचे वर्तुळ काढून त्याखाली येणारा फरसबंद भाग मोजण्याची पद्धत पडली. ३५ फूट व्यासाचा पर्णविस्तार, म्हणजे झाडाच्या फांद्या-पानांनी व्यापलेला आडवा घेर, सुमारे ९६२ चौरस फुटांवर सावली धरतो; २० फूट व्यासाच्या झाडाकडून मात्र ३१४ चौरस फूटच सावली मिळते. एका मोठ्या झाडाचे काम करायला तीन लहान झाडे लागतात, ही गोष्ट या कोष्टकात ठळकपणे दिसते, आणि संख्या मोजणाऱ्या नियमांत तीच नेमकी झाकली जाते. झाड वाहनतळाच्या कडेला असेल तर त्याची निम्मी सावली बाहेर पडते म्हणून निम्मेच श्रेय मिळते, आणि कोपऱ्यात असेल तर पाव. कागदावर ही रचना चोख होती.

प्रत्यक्षात काय घडले, याची पाहणी अमेरिकी वनसेवेत संशोधक असलेल्या मॅकफर्सन यांनी केली आणि तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरातील १५ वाहनतळ त्यांनी नमुन्यादाखल तपासले. त्यांत सरासरी १४ टक्के भागावरच सावली होती, आणि त्या सावलीपैकीही ४४ टक्के वाटा झाडांचा नसून छप्परबंद पार्किंगचा होता. नमुन्यातील सगळे वाहनतळ पंधरा वर्षांचे झाल्यावर सावली २७ टक्क्यांपर्यंत पोहोचेल, असा त्यांचा अंदाज निघाला. याचा अर्थ असा, की नियमाने मागितलेल्या सावलीच्या जेमतेम निम्मी सावली मुदत संपताना मिळणार होती, आणि तीही ‘वृक्षनगरी’ म्हणवून घेणाऱ्या शहरात. त्याच पाहणीत आणखी एक बाब पुढे आली: या वाहनतळांत नियमाने मागितलेल्यापेक्षा सहा टक्के अधिक जागा आखलेल्या होत्या आणि गर्दीच्या वेळीही ३६ टक्के जागा रिकाम्या राहत होत्या. झाडाला रुंद वाफा दिला तर गाड्यांच्या जागा कमी होतात ही विकासकांची नेहमीची तक्रार असते. पण जेथे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा कधी भरतच नव्हत्या, तेथे ही तक्रार टिकणारी नव्हती.

सावली इतकी कमी का पडली, याच्या कारणांत नकाशावरच्या चुका होत्या, शेजारशेजारच्या झाडांची एकमेकांवर पडणारी सावली दोनदा धरण्याचा प्रकार होता, दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून झाडांचे शेंडे छाटण्याची सवय होती. पण मूळ कारण जमिनीखाली होते, आणि ते समजून घेण्यासाठी वाहनतळ बांधला कसा जातो हे पाहावे लागते. गाड्यांचे वजन पेलण्यासाठी डांबराखालची माती रोलर फिरवून इतकी दाबली जाते, की तिच्या कणांमधील पोकळ्या जवळजवळ नाहीशा होतात. मुळांना वाढायला मातीइतकीच हवेचीही गरज असते. मुळे श्वसन करतात, आणि ज्या मातीत ना हवा शिरते ना पाणी मुरते, तिच्यात ती पुढे सरकू शकत नाहीत. मराठी शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचे योग्य प्रमाण असण्याची स्थिती, ती दाबलेल्या भरावात कधी येतच नाही. झाडाची पाणी शोषणारी मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात असतात आणि मोकळ्या जमिनीत ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. वाहनतळात मात्र चारी बाजूंनी कर्बच्या, म्हणजे कडेच्या उंच काठाच्या, काँक्रीटने बांधलेल्या चार-पाच फूट रुंदीच्या वाफ्यात झाड लावले जाते, त्यातही गाडीचा पुढचा भाग दोन फूट आत येतो, आणि खाली बांधकामाचा राडारोडा असतो. असे झाड म्हणजे जमिनीत पुरलेल्या कुंडीतले झाड. पहिली काही वर्षे ते जोमाने वाढते, मग त्याची वाढ थांबते आणि कोष्टकातल्या घेराला ते कधीच पोहोचत नाही.

यावर काही शहरांनी शोधलेला उपाय सरळ आहे: झाडांच्या संख्येबरोबर मातीचे घनफळही नियमात लिहायचे. कॅनडातील टोरोंटो शहर आपल्या हरित बांधकाम मानकांत प्रत्येक मोठ्या झाडासाठी ३० घनमीटर माती मागते. शेजारची झाडे एकाच सलग वाफ्यात असतील तर प्रत्येकी २० घनमीटर चालते, कारण मुळे एकमेकांच्या हद्दीत जाऊ शकतात. तीस घनमीटर म्हणजे एक मीटर खोल आणि साधारण साडेपाच मीटर लांब-रुंद खड्डा. एवढी मोकळी जागा वाहनतळात सोडणे जड जाते, म्हणून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि जेसन ग्राबोस्की यांनी १९९०च्या दशकात वेगळ्या प्रकारचा भराव विकसित केला. त्यात सुमारे ८० टक्के खडी आणि २० टक्के चिकणमातीयुक्त माती असते. रोलरचा दाब आणि गाड्यांचे वजन एकमेकांना भिडलेली खडी पेलते, आणि खडीच्या फटींतली माती सैल राहून मुळांना वाट देते. यामुळे वरून गाड्या उभ्या राहतात आणि खालून मुळे पसरतात. खर्च वाढतो हे खरे, पण पंधरा वर्षांत मेलेले झाड तीनदा बदलण्याचा खर्चही अखेर कोणीतरी सोसतच असतो.

मातीइतकाच गुंतागुंतीचा प्रश्न पाण्याचा, आणि कॅलिफोर्नियात तो शहरांच्या नव्हे तर राज्याच्या पातळीवर हाताळला गेला. १९९० साली झालेल्या कायद्यानुसार राज्याने बागांच्या पाणीवापरासाठी एक नमुना उपविधी तयार केला. प्रत्येक शहराने तो स्वीकारावा किंवा किमान तितकाच कडक असा स्वतःचा नियम करावा, अशी तरतूद होती. २०१० पासून त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली, आणि भीषण दुष्काळात २०१५ साली तो पुन्हा बराच कडक करण्यात आला. त्याच्या मुळाशी पाण्याचे अंदाजपत्रक ही कल्पना आहे. मातीतून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून बाहेर पडणारी वाफ यांना मिळून बाष्पोत्सर्जन म्हणतात, आणि नीट पाणी दिलेल्या हिरवळीतून वर्षभरात जेवढे पाणी असे उडून जाईल ते त्या गावाचे संदर्भमूल्य धरले जाते. सॅक्रामेंटोसाठी ते सुमारे ५२ इंच, म्हणजे १.३ मीटर आहे. पावसाच्या जवळजवळ तिप्पट. या संदर्भमूल्याचा किती हिस्सा बागेला द्यायचा हे एका गुणकाने ठरते. सुरुवातीला तो ०.८ होता, नंतर ०.७ झाला, आणि २०१५ मध्ये घरांसाठी ०.५५ व इतर बांधकामांसाठी ०.४५ इतका खाली आणला गेला.

या गुणकाचा अर्थ प्रत्यक्ष पाण्यात मांडला तर असा होतो: सॅक्रामेंटोतील एखाद्या दुकानाभोवती हजार चौरस फूट बाग असेल, तर जुन्या ०.८ गुणकाने तिला वर्षाला सुमारे ९७ हजार लिटर पाणी घेता आले असते. नव्या गुणकाने ती मर्यादा ५५ हजार लिटरच्या आसपास येते. एवढ्या पाण्यात हिरवळ जगत नाही. म्हणून दुष्काळ सोसणारी झुडपे आणि झाडे निवडावी लागतात, आणि त्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाने हजारो वनस्पतींचे अति कमी, कमी, मध्यम आणि जास्त पाणी लागणाऱ्या अशा गटांत केलेले वर्गीकरण वापरले जाते. सारख्या तहानेच्या वनस्पती एकत्र लावून त्यांच्यासाठी वेगळी झडप ठेवायची, असेही नियम सांगतो.

अंदाजपत्रकापेक्षाही महत्त्वाच्या, पण सामान्य वाचकाच्या नजरेत न भरणाऱ्या काही तरतुदी याच नियमात आहेत. फरसबंद जागेपासून २४ इंचांच्या आत तुषार सिंचन, म्हणजे हवेत फवारणारे कारंजे, चालत नाही. दहा फुटांपेक्षा अरुंद वाफ्याला जमिनीखालून किंवा पाणी वाहून जाणार नाही अशाच पद्धतीने पाणी द्यावे लागते. वाहनतळातले बहुतेक वाफे या व्याख्येत बसतात, त्यामुळे डांबरावर पाणी शिंपडत राहणारी जुनी कारंजी तेथून हद्दपार होऊन ठिबकच्या नळ्या आणि बबलर, म्हणजे झाडाच्या आळ्यात हळूहळू पाणी सोडणाऱ्या तोट्या, आल्या. मातीवर किमान तीन इंच जाडीचे आच्छादन करावे लागते, लावणीपूर्वी हजार चौरस फुटांमागे चार घन यार्ड कंपोस्ट सहा इंच खोलीपर्यंत मिसळावे लागते, आणि दाबली गेलेली माती पुन्हा भुसभुशीत करून घ्यावी लागते. झाडांसाठी तर एक स्वतंत्र वाक्य आहे: शक्य तेथे झाडांच्या पाण्याची झडप झुडपे व हिरवळ यांच्यापासून वेगळी ठेवावी, आणि सिंचनाची आखणी करताना झाडाचा पूर्ण वाढलेला आकार व मुळांचा विस्तार विचारात घ्यावा.

हे एक वाक्य नियमात का यावे लागले, याचे उत्तर झाड आणि हिरवळ यांच्या तहानेतील फरकात आहे. हिरवळीची मुळे उथळ असतात, म्हणून तिला थोडे-थोडे पाणी वारंवार द्यावे लागते. झाडाला खोलवर मुरणारे पाणी अधिक दिवसांच्या अंतराने हवे असते. दोघांना एकाच झडपेवर ठेवले, की झाडाची मुळेही ओल शोधत वरच्या थरातच राहतात आणि झाड हिरवळीच्या पाण्यावर अवलंबून होते. शिवाय झाडाची गरज वयानुसार बदलते. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाची मुळे एका छोट्या गोळ्यात कोंडलेली असतात, तो गोळा उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत सुकतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे पाणी खोडाजवळच हवे; पुढे मुळे बाहेर पसरली की पाणी देण्याची जागाही खोडापासून दूर सरकायला हवी. लावणीच्या वेळी खोडापाशी टाकलेली ठिबकची तोटी दहा वर्षांनीही तेथेच राहिली, तर ती झाडाला पाणी देत नाही, फक्त खोड ओले ठेवते आणि कुजण्याला आमंत्रण देते.

या दुर्लक्षाची किंमत २०१५ च्या दुष्काळात दिसून आली. त्या वर्षीच्या १ एप्रिल रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात करण्याचा आदेश काढला आणि रस्त्यांच्या दुभाजकांवरील शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी देण्यास बंदी घातली. हिरवळीवर पाणी वाया घालवू नये हा हेतू योग्यच होता. पण जेथे झाडे हिरवळीच्याच कारंज्यांवर वाढली होती, तेथे कारंजी बंद होताच दशकानुदशके वाढलेली झाडेही तहानली. हिरवळ पुन्हा एका हंगामात लावता येते, चाळीस वर्षांचे झाड मात्र चाळीस वर्षांनीच परत मिळते, हा साधा हिशेब घाईच्या काळात मागे पडला. राज्याने यातून धडा घेतला, ही समाधानाची गोष्ट आहे: २०२२ च्या दुष्काळात व्यावसायिक, औद्योगिक व संस्थांच्या आवारांतील, कोणीही वावरत नसलेल्या शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी देण्यावर बंदी घालताना, झाडे जगवण्यासाठी लागणारे पाणी त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले गेले, आणि २०२३ साली या बंदीचे कायम कायद्यात रूपांतर होतानाही ती सवलत टिकली.

सॅक्रामेंटोच्या आग्नेयेला, ॲरिझोनाच्या वाळवंटात वसलेल्या टूसॉन शहरात पाण्याचा प्रश्न आणखी बिकट आहे, आणि तेथील उत्तर कदाचित म्हणूनच अधिक मुळाला हात घालणारे निघाले. वर्षाला २८ ते ३० सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहराने २००८ मध्ये असा नियम मंजूर केला, की १ जून २०१० पासून नव्या व्यावसायिक बांधकामांनी बागेला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्मे पाणी साठवलेल्या किंवा अडवलेल्या पावसातून मिळवावे. अमेरिकेतील शहरांमध्ये असा हा पहिलाच नियम होता. वाहनतळात दर चार गाड्यांमागे एक सावलीचे झाड, प्रत्येक झाडाला किमान ३४ चौरस फूट व चार फूट रुंद मोकळी जमीन, आणि कोणतीही गाडी झाडाच्या खोडापासून ४० फुटांपेक्षा दूर नसावी, अशाही अटी तेथे आहेत. त्यांतली जमिनीची अट फारच तोकडी आहे, आणि टोरोंटोच्या तीस घनमीटरांपुढे ती केविलवाणी वाटते. टूसॉनच्या नियमाचे बळ पाण्याच्या अटीत आहे.

वाळवंटात पावसाच्या पाण्यावर वाहनतळातली झाडे जगतील का, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ये-जा करण्याच्या वाटेसह एका गाडीला साधारण २८ चौरस मीटर डांबर लागते, म्हणजे चार गाड्यांना ११० चौरस मीटर. त्यावर वर्षभरात २८ सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ३० घनमीटर पाणी जमा होते. वाटेत उडून जाणारे व निसटणारे वजा केले तरी २० घनमीटरच्या पुढे राहावे. सहा मीटर घेराचे, कमी पाण्यावर जगणारे मेस्किट जातीचे झाड, जे महाराष्ट्रात माजलेल्या वेड्या बाभळीचे जवळचे नातलग असून टूसॉनमध्ये मात्र मूळचे आहे, वर्षाला १४ घनमीटरच्या आसपास पाणी वापरते. झाडाला पुरेल इतके पाणी त्याच्याच शेजारच्या डांबरावर पडत असते. ते वर्षभर सारखे मिळत नाही, अधल्यामधल्या कोरड्या महिन्यांत वरून पाणी द्यावेच लागते. पण ते पाणी झाडाकडे न जाता गटारात का जाते, हा खरा प्रश्न होता.

त्याचे कारण वाफ्याच्या आकारात आहे. कित्येक दशके वाहनतळातले वाफे आणि रस्त्यांचे दुभाजक उंचवट्यासारखे बांधले गेले: भोवती कर्ब, आत मातीचा ढीग, त्यावर झाड. पावसाचे पाणी कर्बला अडून, वळसा घालून गटाराकडे जायचे आणि वाफ्यात पडलेले पाणीही उतारावरून बाहेर यायचे. मग त्याच झाडासाठी नळाने पाणी आणायचे. टूसॉनमध्ये ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून आपल्या वस्तीत झाडे लावण्याचा उपक्रम चालवला होता. रस्त्याचे पाणी झाडांकडे यावे म्हणून पुढे त्यांनी वाफे रस्त्याच्या पातळीच्या खाली खोदून कर्बमध्ये फट कापली, तेव्हा ते नियमात बसत नव्हते. २००७ मध्ये शहराने अशा फटींना मान्यता दिली, पुढे नव्या रस्त्यांच्या कामातही पाणी मुरवणारे खोलगट वाफे आखणे हे धोरण झाले, आणि २०२० पासून अशा वाफ्यांच्या बांधणीसाठी व देखभालीसाठी पाणीबिलावर छोटासा आकार लावला जातो. यात नव्या तंत्रज्ञानाचा लवलेशही नाही; वाफा वर की खाली, एवढाच फरक आहे. महाराष्ट्रातील शहरांत आजही उंच बांधलेल्या दुभाजकांना उन्हाळ्यात टँकरने पाणी घातले जाते आणि पावसाळ्यात त्यांच्याच दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जाते, हे पाहता या फरकाची दखल येथेही घेतली जायला हवी.

भारतातील कायदे झाडाकडे निराळ्या बाजूने आले. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा १९७५ चा कायदा मुख्यतः तोड रोखण्यासाठी होता. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण दिले, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली आणि ती सात वर्षे जगवण्याची जबाबदारीही टाकली. या शेवटच्या अटीत सॅक्रामेंटोच्या पंधरा वर्षांचेच सूत्र आहे: लावणीवर न थांबता काळाचा हिशेब मागणे. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या जमिनीचा प्रश्न मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत जावा लागला, आणि २०१३ मध्ये न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. एक मीटर ही झाड गुदमरू नये यासाठीची किमान मर्यादा होय; त्याच्या मुळांच्या गरजेचा तो लहानसा अंशच आहे.

वाहनतळातील सावलीची स्पर्धा आता सौर पटलांशीही आहे. छप्पर बांधून त्यावर पटले बसवली, की सावली पहिल्याच दिवशी मिळते, वीजही मिळते, आणि पाणी लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या हरित बांधकाम संहितेने वाहनतळावर पंधरा वर्षांत ५० टक्के सावलीची अट घालताना सौर छपरांचा पर्याय खुला ठेवला आहे. हा पर्याय नाकारण्याचे कारण नाही. मात्र पटलाखालची हवा झाडाखालच्या हवेसारखी थंड होत नाही, कारण झाड पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची उष्णता खर्ची घालते, आणि पावसाचे पाणीही पटल मुरवत नाही. म्हणून जेथे माती आणि पाणी देणे शक्य आहे तेथे झाडच लावावे, आणि जेथे ते खरोखर अशक्य आहे तेथे पटले बसवावीत, असा क्रम नियमांनी ठरवला तर दोन्हींना न्याय मिळेल. दुसरीकडे, इमारतीबरोबर किमान इतक्या गाड्यांची जागा हवीच हा आग्रहही आता ढिला होत आहे. नगररचनाकार डोनल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीचा जो हिशेब मांडला होता, त्या विचाराला धरून कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला आणि मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आतील बहुतेक बांधकामांना अशी सक्ती करण्यास शहरांना मनाई केली. ३६ टक्के रिकाम्या राहिलेल्या जागांचा प्रश्न यामुळे सुटू लागेल, आणि सुटलेली जागा मुळांना देता येईल.

एक बाब मात्र बहुतेक नियमांत अजूनही सैल आहे, ती म्हणजे पंधराव्या वर्षीची तपासणी. परवान्याच्या वेळी नकाशा तपासला जातो, काम पूर्ण झाल्यावर झाडे मोजली जातात, आणि नंतर मालक बदलतो, देखभालीचा ठेकेदार बदलतो, नियमाची फाइल बंद होते. मॅकफर्सन यांच्या अंदाजानुसार सॅक्रामेंटोतील वाहनतळांच्या झाडांची सावली वर्षाला सुमारे १८ लाख डॉलरचा लाभ देत होती. निम्म्या भागावर सावली आणली तर तो ४० लाखांवर गेला असता, पण त्यासाठी एकदाच सुमारे दोन कोटी डॉलर खर्चावे लागले असते. तो खर्च लाभाच्या वाढीतून भरून यायला साधारण नऊ वर्षे लागतात, आणि मोठे झाड त्याहून कितीतरी अधिक काळ सावली देते. विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि लेसर किरणांनी केलेली उंचीची मोजणी यांच्या साहाय्याने आता प्रत्येक वाहनतळाची सावली जागेवर न जाताही दरवर्षी मोजता येते. राहते ते एवढेच, की सावली कमी भरली तर मालकाने काय करायचे, वाफा रुंद करायचा की झाड बदलायचे, किती मुदतीत आणि कोणाच्या खर्चाने, हे परवाना देतानाच त्यात लिहिले गेले पाहिजे.